ओवाळणीचे अठरा हजार

प्रेमलता नारळ कानाशी धरून आतलं पाणी वाजतं का ते ऐकत होती. इंदूरच्या राजवाड्यासमोर भाऊबीजेच्या सकाळची गर्दी, कुणाच्या हातात करदोडे, कुणाच्या हातात मिठाईचे पुडे. तेवढ्यात मागून आवाज आला, "ताईजी, तुमचं काम मार्गी लागलं, बरं का." वळून पाहिलं तर नव्या बँकेतला दिनानाथ. तीन आठवड्यांपूर्वी तिनं त्याच्याच टेबलापाशी बसून, पदर सावरत, आपल्या कारखान्याची सगळी हकीकत सांगितली होती. आज त्याच्या अंगावर नवा सदरा होता आणि दात पानानं लाल झाले होते. "धनतेरसलाच आमच्या साहेबांनी अप्पासाहेबांना फोन लावला," तो म्हणाला. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुणाला?" "तुमच्या बँकेचे अप्पासाहेब हो. पूछताछ करावीच लागते ना. एवढा मोठा ओव्हरड्राफ्ट आम्ही तिकडून उचलून आमच्याकडे आणणार, तर आधीच्या बँकेला विचारल्याशिवाय कसं? रूटीन आहे ते. फिकर नको." "मग काय म्हणाले अप्पासाहेब?" "ते आमच्या साहेबांनाच ठाऊक. फोन ठेवला आणि पान मागवलं, बस." तो हसला. "चलतो. बहीण वाट बघतेय, उशीर झाला तर ओवाळायच्या आधी कान पिळेल. तुमच्याकडे पण येणार असतील ना भाऊ आज?" "हो," ती म्हणाली. "येणार आहेत."

नारळ हातात तसाच घेऊन ती निघाली, तर दुकानदारानं हाक घातली, "ओ बाईजी, पैसे तो दो." परत फिरून तिनं पैसे दिले. आपण जन्मात कधी पैसे न देता वस्तू उचलली नाही आणि आज भर चौकात चोरासारखी हाक ऐकली, हे तिच्या कानात घुमत राहिलं. टांग्यात बसली, घोड्याच्या टापा सुरू झाल्या आणि प्रत्येक टापेला एकच शब्द पडू लागला. धनतेरस. धनतेरस. म्हणजे अप्पांना, तिच्या मानलेल्या भावाला, तेव्हापासून ठाऊक आहे. आणि पाडव्याच्या सकाळी त्यांचा शिपाई दारात येऊन सांगून गेला होता, साहेब भाऊबीजेला दिवेलागणीला येतील, नेहमीसारखे, अनारसे विसरू नका म्हणालेत. ठाऊक असताना अनारसे सांगितले. रागावून निरोप धाडला असता, येणार नाही म्हटलं असतं, तर तिला कळलं असतं कुठं उभं राहायचं. पण अनारसे! गोड निरोपाच्या पोटात काय असतं ते वरून कळत नाही. विहिरीचं पाणी वरून निळंच दिसतं. नारळाच्या शेंडीचा भुगा तळहातांना लागला होता. हात पुसायला तिनं पदर घेतला, तर पदराला हल्दूच्या लाकडाचा भुसा लागलेला, पिवळाधमक. कारखान्यात गिरण्यांच्या सुतासाठी लागणाऱ्या बॉबिनी त्याच लाकडाच्या कातल्या जात. खरादावर लाकूड फिरू लागलं की हळद उडाल्यासारखा भुसा उडे, खरादींच्या भुवयांवर बसे, तिच्या केसांवर बसे. नवरा गेल्यावर बायका तिला हळदीकुंकवाला बोलवीनाशा झाल्या. मग एकदा शेडमधून घरी येऊन आरशात पाहिलं तर कपाळ, गाल, हात, सगळं पिवळं. त्या दिवशी ती हसली होती की रडली होती, ते तिला आता आठवत नव्हतं.

धारच्या तिच्या माहेरी भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. पाठचा एक भाऊ होता, तो चालायला लागायच्या आधीच गेला. मग दरवर्षी आई तिला अंगणात उभी करी, हातात तबक देई आणि म्हणे, वर बघ, तो बघ तुझा भाऊ, कधी चुकत नाही यायला. बीजेची ती कोर इतकी बारीक असे की डोळे ताणून शोधावी लागे. आई जात्यावर म्हणायची:

पाठीला भाऊ नाही, पाठ माझी उघडी गं,
चंद्राला ओवाळीते, कोर दिसे तेवढी गं.

चंद्र काही घालत नसे तबकात. शेजारच्या मुली आपापल्या ओवाळण्या दाखवायला येत, परकराच्या ओच्यात चवल्या-पावल्या खुळखुळवीत, आणि प्रेमलता म्हणे, माझ्या भावानं चांदीच चांदी घातली, पण ती दिवसा दिसत नाही. लग्न होऊन इंदूरला आली. सासरच्यांची पूर्वी दरबारच्या रिसाल्यात चाकरी, आणि नवऱ्यानं, कृष्णरावानं, घोडा सोडून खराद धरला. परदेशीपुऱ्यात गिरण्यांच्या सावलीत शेड बांधली. इथंही ती चंद्रालाच ओवाळायची. कृष्णराव चेष्टेनं म्हणे, तुझा भाऊ फार उंचीवर नोकरीला आहे. आणि मग एका श्रावणात कृष्णराव तीन दिवसांच्या तापानं गेला. मागे शेड होती, तीन खराद होते, देणी होती, सासूबाई होत्या. त्या वर्षीच्या भाऊबीजेला ती अंगणात गेलीच नाही. दिवेलागणीला दार वाजलं. दारात अप्पासाहेब, कृष्णरावाचं खातं ज्या बँकेत होतं तिथले मॅनेजर, काळी टोपी, हातात मिठाईचा पुडा. "ओवाळून घ्यायला आलोय," ते म्हणाले. ती म्हणाली, "मी आता कसं..." तर ते एकदम चिडल्यासारखे बोलले, "भावाला ओवाळायला सवाष्ण लागते, असं कुठल्या पोथीत आहे? लाव कुंकू." तिनं लावलं. बोट थरथरत होतं, म्हणून टिळा वाकडा लागला, आणि तो वाकडा टिळा घेऊन ते भर बाजारातून घरी गेले. हे ती मरेपर्यंत विसरणार नव्हती.

आणि त्याच संध्याकाळी, सुपारीखाली, तबकात एक घडीचा कागद होता. पाच हजारांपर्यंत उचल करायची मंजुरी. "ही तुझी ओवाळणी," ते म्हणाले होते. "कारखाना बंद करायचा नाही." तिनं कागद कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी बँकेत सह्या केल्या, जिथं बोट ठेवलं तिथं. पुढच्या भाऊबीजेला मर्यादा वाढली, त्याच्या पुढच्या भाऊबीजेला आणखी. दरवर्षी तबकात कागद पडे आणि दरवर्षी तिच्या छातीत तेच उबदार पाणी भरून येई, आपल्यालाही कुणी आहे. व्याज किती, हे तिनं विचारलं नाही. ओवाळणीचा भाव कुणी विचारतं का? चोळीखणाचा पोत बोटांनी चाचपून बघणाऱ्या बहिणीला लोक काय म्हणतील? व्याज जात होतं, दर तिमाहीला, न चुकता. मुद्दल मात्र वाढत वाढत अठरा हजारांवर गेलं होतं, आणि मंजुरीची हद्दही ओलांडून गेलं होतं. गिरणी माल नेते आणि तीन महिन्यांनी पैसे देते. लाकूडवाला मात्र गाडी उतरवायच्या आधी हात पुढे करतो. त्या दोघांच्या मधली दरी त्या अठरा हजारांनी भरलेली होती. या दसऱ्याला गिरणीनं दुप्पट मालाची मागणी दिली. ती आनंदानं अप्पांकडे गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "नको, प्रेमा. झेपेल तेवढंच करावं." नंतर नेहमीसारखंच विचारलं, "या महिन्यात चारशे उचललेस, ते कशाला?" तिनं सांगितलं, पट्ट्याला, तेलाला, मजुरीला. सांगता सांगता तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. खाऊला पैसे मागणाऱ्या पोरीचा आवाज. तिथून बाहेर पडून घरी न जाता तिचे पाय नव्या बँकेकडे वळले होते. नुसतं विचारायला. लुगड्याचा भाव विचारून पुढं जावं तसं. तिथं दिनानाथनं पहिल्यांदा तिला समजावून सांगितलं की ती शेकडा नऊनं व्याज भरतेय आणि इथं साडेसहा पडेल; आणि तुम्ही सही केली त्यात असं असतंच ताईजी, मागणी होताच संपूर्ण रक्कम बिनतक्रार परत करीन, ओव्हरड्राफ्ट असतोच तसा, बँकेनं उद्या म्हटलं तर उद्या. घरी येऊन तिनं ट्रंकेतला कागद काढून पाहिला. होतं तसं. अठरा हजार. शेड, तीन खराद, पडलेलं लाकूड, सगळं त्या एका ओळीत होतं. अप्पांनी उद्या नुसतं तोंड उघडायचं आणि नव्या बँकेनं हात आखडता घ्यायचा, की शेडला कुलूप, आणि त्या शेडवर मजुरांच्या चौदा चुली.

घरी सासूबाई, आनंदीबाई, ओसरीवर बसून अनारशांचं पीठ मळत होत्या. प्रेमलतानं चपला काढता काढता सगळं सांगून टाकलं. न सांगता राहवलंच नसतं. आनंदीबाईंचे हात थांबले नाहीत. "म्हणजे त्याला ठाऊक आहे?" "असणारच." "मग तो येत नाही." "येणार आहेत. अनारसे सांगितलेत." तेव्हा मात्र हात थांबले. "मग जास्तच वाईट," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पिठाला बोलल्यासारख्या बोलल्या, "मी पहिल्यापासून सांगत होते, बँकेचा भाऊ तो. तू त्याला अनारसे वाढतेस, तो तुझ्याकडनं व्याज वाढून घेतो. आणि तू तरी काय गं? सरकारला दोन घरं चालतात, राजधानी सहा महिने इंदूर, सहा महिने ग्वाल्हेर, त्यांना कोण विचारणार? तुला नाही चालायची. धरायचं ते धरावं, सोडायचं ते सोडावं. पण सोडायचं तर तोंडावर सांगून सोडावं." प्रेमलता म्हणाली, "त्यांनी उपकार केलेत, आई." "केलेत ना. कोण नाही म्हणतं? वाकडा टिळा घेऊन गेला होता, ते मीही बघितलं. पण उपकार आणि उधारी एका ताटात वाढली की कशाची चव लागत नाही, बाई."

दुपार सरता सरेना. शेड सणाची बंद होती आणि खरादांचा आवाज नसल्यामुळे घराच्या भिंती पातळ झाल्यासारख्या वाटत होत्या. ती पाट धुवून आली, रांगोळी काढली, पुसली, पुन्हा काढली. मनात अप्पांशी बोलणी चालली होती. अप्पा, मी नुसतं विचारलं होतं. खोटं. अप्पा, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तेही खोटं, होतं, आणि ते काय होतं ते तिला नीट दिसत नव्हतं. राग म्हणावा तर डोळ्यांपुढे तो वाकडा टिळा येई. माया म्हणावी तर चष्मा पुसत विचारलेला प्रश्न येई, कशाला? एकदा वाटलं, ते येतील, काही बोलणार नाहीत, ओवाळून घेतील, अनारसे खातील, आणि उद्या सकाळी मागणीचा कागद दारात येईल, त्याच शिपायाच्या हातात. एकदा वाटलं, पाया पडावं, चुकले म्हणावं, नव्या बँकेला नाही म्हणून कळवावं. आणि तसं वाटताक्षणी छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं, आणि त्या हलकेपणाचीच तिला किळस आली. हा हलकेपणा तिच्या ओळखीचा होता. चार वर्षं दर भाऊबीजेला आपल्याला जे हलकं वाटत आलं ते हेच. कुणीतरी आपलं ओझं काढून घेतं आणि ओझ्याबरोबर हातही घेऊन जातं. आईची दुसरी एक ओवी आली मनात, अर्धीच, दळण सरलं गं माझं, आणि पुढचं काही केल्या आठवेना.

दिवे लागले आणि टांगा दारात थांबला. अप्पासाहेबांनी जोडे उंबऱ्याबाहेर काढले, टोपी सरळ केली. "काकू, तब्येत काय म्हणते?" "तब्येत काय," आनंदीबाई म्हणाल्या, "शेकडा नऊनं वाढतेय." अप्पासाहेब हसले, पण जरा उशिरा. पाटावर बसले. थकल्यासारखे दिसत होते. कोटाचं वरचं बटण तुटलेलं होतं, हे तिच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं. तिनं कुंकू लावलं. आज बोट थरथरलं नाही, टिळा सरळ लागला, आणि सरळ लागला म्हणूनच तिला भीती वाटली. अक्षता टाकल्या. सुपारी ओवाळली, अंगठी ओवाळली, मग तबक उचलून निरांजन फिरवू लागली. ज्योतीच्या पलीकडे त्यांचा चेहरा हलत होता. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडीचा कागद काढला आणि हळूच सुपारीखाली सरकवला.

"वाच," ते म्हणाले. "मर्यादा वीस हजार. म्हणजे तुझी उचल पुन्हा हद्दीत बसली. आणि नऊचे आठ करून घेतले. डायरेक्टरांशी भांडलो त्यासाठी."

तबक जड झालं. खरंच जड झालं, मनगटाला कळलं. आठ टक्के. साडेसहा नव्हेत, पण आठ, आणि भाऊही राहतो, शेडही राहते, उद्याची सकाळ आजच्यासारखीच उजाडते. नुसता कागद कपाळाला लावायचा. ओवाळणी कुणी परत करत नाही. तिचा हात कागदाकडे गेलासुद्धा. मग तिनं स्वतःला विचारताना ऐकलं, "अप्पा, धनतेरसला फोन आला होता ना?"

माजघरातला आनंदीबाईंच्या ताटवाट्यांचा आवाज थांबला. "आला होता," ते म्हणाले.

"काय सांगितलंत?"

"बहिणीबद्दल भाऊ काय सांगणार? म्हटलं, बाई नेक आहे. पण एकटी आहे. एवढा बोजा झेपायचा नाही, देऊ नका." लुगडं आणलं म्हणून सांगावं इतक्या मायेनं त्यांनी ते सांगितलं. "परके लोक ते, प्रेमा. मुंबईत बसून कारभार करणारे. उद्या एक तिमाही चुकली तर खराद उचलून नेतील. मी नेईन का कधी?"

"नाही नेणार तुम्ही. पण नेता येतं ना?"

त्यांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना.

"अप्पा, माझं व्याज कधी चुकलं?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"हे सांगितलंत त्यांना?"

"त्यांनी विचारलं नाही," ते म्हणाले, आणि मग खाली बघत म्हणाले, "नाही सांगितलं."

तिनं तबक डाव्या हातात घेतलं. उजव्या हातानं सुपारीखालचा कागद काढला, उलगडला नाही, तसाच त्यांच्या मांडीवर ठेवला. "ओवाळणी मागायचा बहिणीला हक्क असतो," ती म्हणाली. "मी आजवर मागितली नाही, तुम्ही दिलीत तीच घेतली. आज मागते. त्यांना माझ्याबद्दल खरं आहे तेवढं सगळं सांगा. नेक आहे, एकटी आहे, हे सांगा हवं तर. पण व्याज चुकलं नाही हेही सांगा. मग ते देवोत न देवोत."

"म्हणजे मी भाऊ म्हणून यायचं नाही, असं म्हणतेस?"

"यायचंच. दरवर्षी या. फक्त बँक बाहेर काढून या, जोडे काढता तशी."

हे बोलली आणि आपण काय बोललो ते तिच्या मागाहून ध्यानात आलं. निरांजनातलं तूप संपत आलं होतं. अप्पासाहेबांनी मांडीवरचा कागद उचलला, त्याची होती ती घडी पुन्हा नीट केली, खिशात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बंद झाल्यासारखं झालं, दुपारी चारला बँकेच्या खिडकीची फळी पडते तसं. ते बोलले तेव्हा आवाज निराळा होता.

"प्रेमलताबाई," ते म्हणाले. चार वर्षांत त्यांनी तिला या नावानं हाक मारली नव्हती. "उद्या अकराला बँकेत या. मी तुमच्यासमोर त्यांना फोन करीन, आणि आहे ते सांगीन, कमी नाही, जास्त नाही. पण मग मला दुसरंही करावं लागेल. मर्यादेबाहेर गेलेलं खातं दुसरीकडे जातंय हे ठाऊक असून मी स्वस्थ बसलो, तर मला जाब विचारणारे आहेत. मागणीचा कागदही उद्याच तुमच्या हातात देईन. पंधरा दिवस. सगळी रक्कम."

"चालेल," ती म्हणाली. भीती पोचायच्या आधी शब्द बाहेर पडला होता.

"आणि पंधरा दिवसांत त्यांनी दिले नाहीत तर?"

"तर तुम्ही खराद न्या."

दूर कुठल्या तरी गिरणीचा भोंगा झाला. अप्पासाहेब उठायला लागले आणि अर्धे उठलेलेच थांबले. तिच्या हातात तबक तसंच होतं, आणि त्यात सुपारी, अंगठी, विझत आलेलं निरांजन याखेरीज काही नव्हतं. रिकाम्या तबकासमोरून भाऊ उठत नाही. ते पुन्हा बसले. कोटाचा एक खिसा चाचपला: किल्ल्यांचा जुडगा. दुसरा चाचपला: चष्म्याचं घर, सुपारीची डबी. सदऱ्याच्या खिशात हात घातला, आणि एवढ्या वर्षांचा मॅनेजर माणूस, तो लहान पोरासारखा लाल झाला. मुठीत आठ आण्याचं एक नाणं होतं.

"एवढंच आहे," ते म्हणाले. "टांग्याला ठेवलं होतं."

"मग जाल कसे?"

"चालत."

नाणं तबकात पडलं, अंगठीवर आपटून वाजलं. प्रेमलतानं ते उचलून कपाळाला लावलं आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी हात वर केला खरा, पण तिच्या डोक्याला तो टेकला की नाही, ते तिला कळलं नाही.

"आधी जेव, मग चाल," माजघरातून आनंदीबाई म्हणाल्या. "अनारसे काही तारण ठेवून नाही तळले मी."

ते जेवले. मान खाली घालून, फारसं न बोलता. अनारसा मात्र दुसरा मागून घेतला. मग उंबऱ्यावर बसून जोडे चढवले आणि परदेशीपुऱ्याच्या रस्त्याला लागले. दारात उभी राहून ती त्यांची पाठ बघत होती. दिव्याच्या खांबापाशी दिसत, पुढं अंधारात नाहीशी होत, पुढच्या खांबापाशी पुन्हा दिसत. एकदा ते थांबले. तिला वाटलं, वळतील. पण नुसते जोड्यातला खडा झटकत होते. ते दिसेनासे झाले तेव्हा ती दाराची चौकट धरून उंबऱ्यावर बसली. पंधरा दिवस. अठरा हजार. आतून सासूबाईंनी विचारलं, "गेला का?" "गेले," ती म्हणाली. मूठ इतकी घट्ट मिटली होती की नाण्याची कड तळव्यात रुतत होती, आणि तरी ती उघडायचं तिला सुचत नव्हतं.